मोबाइलवरचा गटनकाशा, ड्रोन आणि रोव्हर: जमिनीच्या डिजिटल नकाशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशे तयार करणं हा माझा रोजचा धंदा. गावी गेलो की पारावर बसल्याबसल्या कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "हे बघ, रेघ कुठून चाललीय!" गेल्या काही वर्षांत असे प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवावीत असं वाटलं. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण प्रश्नही तसेच आहेत. बांधाचा प्रश्न दोन ओळींत संपत नाही.

मोबाइलवर उपग्रहाच्या फोटोवर माझ्या गटाची हद्द दिसते. ती शेजाऱ्याच्या विहिरीवरून जाते. म्हणजे विहीर माझ्या हद्दीत आली का?

नाही. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. या एका गैरसमजावरून भाऊबंदकी पेटलेली मी पाहिली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

ती रेघ तुमच्या फोनवर आली कुठून, ते आधी बघा. मुंबई इलाख्यात पद्धतशीर जमीनमोजणी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून बसत गेली. मोजमाप शंकू साखळीनं व्हायचं. ही साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून जरासा जास्त. आपला गुंठासुद्धा याच साखळीतून आला: ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्या काळच्या माणसांनी ऊन, काटे, ओढे यांतून साखळी ओढत जे काम केलं त्याबद्दल मला फार आदर आहे. पण ज्या मापाचा आणा दोन फुटांचा, त्याच्याकडून वितीची अचूकता मागता येत नाही.

मग ती मापं कागदावर उतरली. समजा नकाशा १:५००० या प्रमाणाचा आहे आणि शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. जमिनीवर ती रेघ अडीच मीटर रुंद होते! १:१०००० चा नकाशा असेल तर पाच मीटर. हद्द त्या जाडीत नेमकी कुठे, हे नकाशा सांगू शकत नाही. पुढे तो कागद पन्नास-शंभर वर्षं घडी घालून दप्तरात राहिला. पावसाळ्यात फुगला, उन्हाळ्यात आकसला, घडीवर फाटला, मागून कापड लावून चिकटवला. मग त्याचं स्कॅनिंग झालं आणि संगणकावर कुणीतरी त्या रेघेवरून माउस फिरवला.

शेवटची पायरी सर्वांत नाजूक. हा आकडे नसलेला जुना नकाशा आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचा असतो. त्यासाठी कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येतील अशा खुणा लागतात: तिवड्याचा दगड (तीन हद्दी मिळतात तिथला), शिवेवरचा धोंडा, जुनी विहीर, देऊळ. खुणा भरपूर आणि नीट मोजलेल्या असतील तर नकाशा छान बसतो. चारच खुणा आणि त्याही फोटोवरून अंदाजानं घेतलेल्या असतील, तर सगळा शिवार एका बाजूला सरकतो किंवा रबरासारखा ताणला जातो. शिवाय खालचा उपग्रहाचा फोटोही काही मीटर सरकलेला असू शकतो, डोंगराळ भागात तर हमखास.

तुमच्या स्क्रीनवर दिसणारी रेघ या सगळ्याची बेरीज असते. तिच्यावर बोट ठेवून विहिरीवर हक्क सांगू नका. तुमच्या गटाबरोबर आजूबाजूचे आठ-दहा गट फोटोवर पाहा. सगळ्यांच्या हद्दी बांधापासून एकाच दिशेला, सारख्याच अंतरानं सरकल्यात का? तसं असेल तर नकाशा बसवताना सरकलाय, शेजाऱ्यानं काही केलेलं नाही. फक्त तुमचीच एक बाजू वेगळी पडत असेल तर मोजणीचा अर्ज करायला कारण आहे.

मग महाभूनकाशा, म्हणजे शासनाचं गटनकाशांचं संकेतस्थळ, बघायचाच नाही का?

बघायचा, जरूर बघायचा. पूर्वी गटाचा नकाशा बघायला तालुक्याला दोन खेपा व्हायच्या. आज घरबसल्या कळतं की आपल्या गटाला लागून कुठले गट आहेत, आकार साधारण कसा आहे, ओढा कुठून जातो, नकाशावर गाडीवाट आहे की नाही. जमीन विकत घेणाऱ्यानं तर व्यवहाराच्या आधी हे बघायलाच हवं. चतुःसीमा दस्तात एक आणि नकाशात दुसरी, असं दिसलं तर इसार देऊ नका.

मात्र नुसत्या रेघेपेक्षा कागदावर लिहिलेलं माप मोठं. भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण (मूळ मोजणीचा मापं लिहिलेला नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्राची आकडेमोड), फाळणी नकाशा (पोटहिस्स्यांचा), एकत्रीकरण झालेलं गाव असेल तर त्या योजनेचे कागद, यांच्या नकला मागा. टिपणात बाजूंची लांबी साखळी-आण्यात लिहिलेली असते. कागद आकसला तरी लिहिलेला आकडा आकसत नाही.

फोनमधलं अ‍ॅप घेऊन बांधावरून फिरलो. एक हेक्टरचं शेत चार गुंठे कमी भरलं. जमीन गेली कुठे?

बहुधा कुठेही गेली नाही. शंभर मीटर बाय शंभर मीटरचं शेत धरा. तुम्ही बांधाच्या मधोमध न चालता पिकाच्या कडेनं, प्रत्येक बाजूला एक मीटर आतून चाललात तर अ‍ॅप ९८ गुणिले ९८ मोजतं, म्हणजे ९६०४ चौरस मीटर. ३९६ चौरस मीटर कमी. गुंठा १०१ चौरस मीटरांचा. झाले की चार गुंठे!

यात फोनची स्वतःची चूक अजून धरलेली नाही. उघड्या आभाळाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो, आंब्याखाली किंवा कड्याच्या बाजूला ती चूक वाढते. शंभर मीटर लांबीची एक बाजू पाच मीटर सरकली की पाच गुंठ्यांचा फरक पडतो. ठिबकच्या नळ्या किती लागतील, फवारणीचं औषध किती, नांगरणीचे पैसे किती, याला अ‍ॅप पुरेसं आहे. वाटणीला नाही.

आणखी एक: ७/१२ वरचं एकूण क्षेत्र पोटखराब्यासह (लागवड न होणारी जागा धरून) असतं. तुम्ही फक्त वहितीच्या कडेनं फिरलात तर आकडा कमी येणारच.

रोव्हरनं मोजणी म्हणजे नेमकं काय?

काठीवर पांढरी टोपी बसवल्यासारखं एक यंत्र घेऊन भूकरमापक (सरकारी मोजणीदार) शेतात फिरतो, तो रोव्हर. फोनसारखाच तोही उपग्रहांचे संदेश ऐकतो. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बेइदोऊ, आपले नाविक, असे ज्या यंत्राला जमतील तेवढे. फरक पुढे आहे. उपग्रहाचा संदेश वातावरणातून येताना वाकतो, रेंगाळतो, उपग्रहाचं घड्याळही किंचित चुकतं. ही चूक एका परिसरात जवळपास सारखीच असते. म्हणून एखाद्या पक्क्या जागी, जिचे अक्षांश-रेखांश आधीच काटेकोर माहीत आहेत, एक यंत्र कायम बसवून ठेवतात. ते क्षणाक्षणाला सांगतं, "आत्ता आकाशातून येणारं उत्तर इतकं चुकतंय." रोव्हर ती दुरुस्ती मोबाइल नेटवर्कवरून घेतो आणि पाच मीटरची चूक काही सेंटिमीटरवर येते.

कायम चालू असलेल्या अशा केंद्रांना कॉर्स म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागानं राज्य शासनाबरोबर महाराष्ट्रात ७७ ठिकाणी ती उभारली, आणि देशभरात अशी हजारावर केंद्रं आहेत. याच विभागानं १८०२ पासून मद्रासेहून त्रिकोण मोजत मोजत अख्खा देश बांधून काढला होता. तेव्हा एका पायारेषेला आठवडे लागायचे. आज भूकरमापक बांधाच्या कोपऱ्यावर काठी उभी करतो आणि मिनिटाच्या आत आकडा मिळतो. हे काम करत इतकी वर्षं झाली तरी मला याचं नवल वाटतं.

मोजणीच्या वेळी तुम्हीही स्क्रीनकडे बघा. तिथे "फिक्स" लिहिलेलं असेल तर आकडा सेंटिमीटरचा. "फ्लोट" असेल तर अजून चूक फुटांत, कधी त्याहून जास्त आहे, थांबायला सांगा. चिंचेच्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडला लागून, विजेच्या उपकेंद्राजवळ फिक्स पटकन मिळत नाही किंवा खोटा मिळतो, कारण संदेश पत्र्यावर आपटून येतो. अशा कोपऱ्यासाठी थोडं उघड्यावर दोन बिंदू घेऊन टेपनं किंवा टोटल स्टेशननं (अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्रानं) कोपरा गाठणं जास्त भरवशाचं. सह्याद्रीच्या खोऱ्यांत फोनची रेंजच नसते, तिथे शेताजवळच तात्पुरतं केंद्र मांडावं लागतं.

रोव्हरनं मोजलं म्हणजे आता वाद मिटला ना?

रोव्हर फक्त एवढंच सांगतो की ही काठी पृथ्वीवर नेमकी कुठे उभी आहे. काठी कुठे उभी करायची, हे त्याला कळत नाही. ते ठरतं टिपणावरून, फाळणीवरून, जुन्या दगडांवरून, वहिवाटीवरून आणि लगतच्या कब्जेदारांच्या समक्ष.

ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी ओरडून सांगतो. यंत्र नवं आलं की माणसांना वाटतं हद्दही नवी निघेल. उलट होतं: मोजमाप इतकं बारीक झालं की जुन्या कागदांतली तफावत उघडी पडते. आजोबांच्या काळी दोन फुटांची चूक कुणाला दिसत नव्हती, आता ती सेंटिमीटरमध्ये छापून हातात येते. ती तफावत म्हणजे शेजाऱ्यानं केलेली चोरी असं दर वेळी धरू नका. 'क' प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) हातात आली की तिच्यावर कुठली हद्द कशाच्या आधारे दाखवली आहे ते शांतपणे समजून घ्या, आणि मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्यांना पोचली होती का, ते बघा. एकाला जरी नोटीस मिळाली नसेल तर तो पुढे आक्षेप घेतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या गावठाणात ड्रोन येणार म्हणतात. आधी काय तयारी करायची?

गावठाणातली घरं ७/१२ वर नसतात. अनेक गावांत नगर भूमापन झालेलंच नव्हतं, म्हणून घराचा नकाशासुद्धा नव्हता, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. ड्रोनच्या फोटोंवरून १:५०० प्रमाणाचा नकाशा होतो. यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटिमीटर. वरच्या गटनकाशाशी ताडून बघा, केवढा फरक!

तयारीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चुना. ड्रोन वरून बघतो, त्याला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. जुन्या घरांची वळचण भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट येते. पुढे पत्र्याची पडवी काढलेली असते. दोन भावांच्या घरावर एकच सलग पत्रा असतो. परड्यात फणस असतो, त्याखाली हद्द दडते. म्हणून उड्डाणाच्या आधी कर्मचारी आणि गावकरी मिळून प्रत्येक मिळकतीच्या कडेनं चुन्याची पांढरी रेघ मारतात. ड्रोन ती रेघ टिपतो. त्या दिवशी घरी हजर राहा. मुंबई-पुण्याला असाल तर रजा काढून या, किंवा ज्याला परसातली हद्द खरोखर ठाऊक आहे अशा माणसाला उभं करा. चुना मारायला अर्धा तास लागतो आणि पुढच्या पिढ्या त्या रेघेवर चालतात. शेजाऱ्याशी बोळ सामाईक असेल तर तोही तसाच, सामाईक म्हणून सांगा.

कोकणात नारळी-पोफळीच्या वाडीत घर असतं, वरून काहीच दिसत नाही. तिथे ड्रोनच्या नकाशात उरलेली जागा पायी जाऊन रोव्हरनं भरून काढावी लागते. ती भरली गेली का, हे विचारा.

ड्रोनच्या मोजणीनंतर मिळालेल्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नाव किंवा क्षेत्र चुकलंय.

चौकशी चालू असताना हरकत घेणं सर्वांत सोपं, म्हणून कच्चा नकाशा ग्रामपंचायतीत लागला की लगेच बघा. नंतर लक्षात आलं तर उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात लेखी अर्ज, सोबत घरपट्टीच्या पावत्या, जुनी खरेदी, वारस नोंद. तोंडी सांगून भागत नाही, पोच घ्या.

मीच ड्रोन विकत घेऊन शेत मोजू का?

२५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी हे बरंच सोपं केलं. २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो वर्गात येतात, त्यांना वैमानिकाचा दाखला लागत नाही. २ किलोपर्यंतचे मायक्रो, त्यांनाही धंद्यासाठी नसेल तर लागत नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय या संकेतस्थळावर आपला भाग हिरवा, पिवळा की लाल ते बघावं लागतं. विमानतळाजवळ आणि संरक्षण खात्याच्या जागांजवळ धाडस करू नका. पिकाची उगवण, पाण्याचा साठा, पडझड यांचे फोटो उत्तम येतात. हद्दीसाठी मात्र जमिनीवर मोजलेल्या खुणा नसतील तर ड्रोनचा फोटोही काही मीटर तरंगतोच.

उपग्रहाचे फुकट फोटो मिळतात म्हणे. शेतकऱ्याला काय उपयोग?

पुष्कळ. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि त्यांची चित्रं सगळ्यांना मोफत आहेत. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा! मला हा योगायोग फार आवडतो. एकरात चाळीस ठिपके. ऊस कुठल्या कोपऱ्यात पिवळा पडतोय, पाणी कुठे पोचत नाही, हे या चाळीस ठिपक्यांत दिसतं, कारण हे उपग्रह डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतात आणि निरोगी पान तो जोरात परत फेकतं. बांध मात्र दिसत नाही. तो एका ठिपक्याच्या पोटात हरवतो.

आपल्याकडे अडचण पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांखाली काही दिसत नाही, आणि खरीप तर तेव्हाच उभं असतं. रडार उपग्रह ढगांतून बघतात. इस्रो आणि नासा यांचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तो १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. रानातला ओलावा, पुराचं पाणी, खचणारे उतार यांच्यासाठी त्याच्याकडून मला मोठी आशा आहे. माळीण आणि इर्शाळवाडी ज्या डोंगररांगांत घडलं, तिथे जमीन सावकाश हलत असेल तर ती वरून मोजता आली पाहिजे. कोसळणाऱ्या सगळ्या दरडी आधी हळू सरकतात असं नाही, पण ज्या सरकतात त्या तरी कळतील.

इस्रोचं भुवन संकेतस्थळ २००९ पासून आहे. आणि नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून राज्याचे पाण्याचे, जमिनीचे, जंगलाचे नकाशे करत आलंय. महाविद्यालयातल्या मुलांनी तिथली कामं आवर्जून बघावीत.

ई-पीक पाहणीत फोटो काढताना जागा का विचारतात?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच फोनवर पिकाची नोंद करतो. फोटोला अक्षांश-रेखांश चिकटलेले असतात आणि गटाच्या मध्यबिंदूपासून तुम्ही किती लांब आहात हे ताडलं जातं. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवा: गटनकाशाच सरकलेला असेल तर तुम्ही स्वतःच्या शेतात उभे असूनही अ‍ॅप "बाहेर" म्हणू शकतं. असं झालं तर शेताच्या मधल्या भागात, उघड्यावर, मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. तरीही तेच, तर तलाठ्याकडे नोंदवा. गटाचा नकाशा सरकला आहे हे त्यांना कळण्याचा तो एक चांगला मार्ग आहे.

आताच एवढ्या नकाशा कंपन्या आणि सेवा कशा निघाल्या?

१५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं नियम मोकळे केले. त्याआधी नकाशे करणं, बाळगणं, छापणं यांत परवानग्यांचं जंगल होतं. आता भारतीय संस्थांना आगाऊ परवानगी लागत नाही. आडव्या दिशेत एक मीटरपेक्षा आणि उंचीत तीन मीटरपेक्षा बारीक माहिती फक्त भारतीय संस्थांनी तयार करायची आणि देशातच ठेवायची, अशी सीमारेषा आहे. मग २८ डिसेंबर २०२२ ला राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं: २०३० पर्यंत शहरं आणि गावांचा ५ ते १० सेंटिमीटर बारकाव्याचा नकाशा करायचा असं त्यात लिहिलंय. हे ध्येय मोठं आहे आणि योग्यही. माझी एकच मागणी आहे, की लोकांच्या पैशांनी झालेला बारीक नकाशा लोकांना त्यांच्या भाषेत, वाचता येईल अशा रूपात मिळावा.

मोजणीची फाईल उघडली तर शेत भलतीकडेच दिसतं. समुद्रात!

दोन-तीनच कारणं असतात. पहिलं: अक्षांश आणि रेखांश उलटसुलट झाले. पुणे साधारण १८.५ उत्तर, ७३.८ पूर्व. आकडे उलटे टाकले तर तुम्ही नॉर्वेच्याही उत्तरेला गारठलेल्या समुद्रात पोचता.

दुसरं कारण खास आपल्या राज्याचं. मोजणीचे आकडे बहुतेकदा मीटरमध्ये, यूटीएम पद्धतीनं असतात, आणि त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे असतात. ७८ अंश रेखांशाची रेघ महाराष्ट्राला कापते. मुंबई, पुणे, नाशिक, अमरावती ४३ व्या पट्ट्यात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या. नागपूरचे आकडे घेऊन चुकून ४३ निवडलं, तर बिंदू सव्वासहाशे किलोमीटर पश्चिमेला सरकतो आणि गुजरातेत बारडोलीजवळ जाऊन बसतो.

तिसरं: जुने स्थलाकृतिक नकाशे (टोपोशीट) जॉर्ज एव्हरेस्टच्या १८३० च्या मापाच्या पृथ्वीवर आखलेले, जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ हे पृथ्वीचं नवं माप वापरतं. महाराष्ट्रात यानं शंभर मीटरच्या पुढे फरक पडतो. सगळं काही बरोबर दिसतं, फक्त देऊळ ओढ्याच्या पलीकडे जातं. म्हणून फाईल घेताना पट्टा कुठला आणि पाया (पृथ्वीचं माप) कुठला, हे दोन शब्द लिहून घ्या.

एआय आता फोटोवरून बांध आपोआप आखतो. मग भूकरमापकाची गरज राहील का?

फोटोतली कड ओळखायला संगणक खरोखर चांगला शिकला आहे. मी स्वतः रोज वापरतो. पूर्वी आठवडा जायचा ते काम दुपारपर्यंत होतं. पंजाबातल्या किंवा कॅनॉलखालच्या मोठ्या सरळ रानांत चुका कमी. आपल्या अर्ध्या-पाऊण एकरांच्या तुकड्यांत, तुरीच्या पट्ट्यांत, आंब्याच्या सावलीत तो गडबडतो: आंतरपिकाच्या ओळीला बांध समजतो आणि दोन भावांच्या सलग सोयाबीनमधला बांध त्याला दिसतच नाही. तो दाखवतो ती पिकाची कड. मालकीची हद्द फोटोत नसते, ती कागदात आणि माणसांच्या कबुलीत असते. काम बदलेल, माणूस राहील.

डिजिपिन म्हणजे नवा पिनकोड का?

पिनकोड राहतोच. २७ मे २०२५ ला टपाल खात्यानं डिजिपिन आणला. त्यात सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला दहा अक्षरांची खूण दिली आहे. मालकाचं नाव त्यात नसतं. वस्तीवरच्या, मळ्यातल्या घराला पत्ता नसतो आणि रुग्णवाहिका चुकते, तिथे हा खरा उपयोगी. घराची दहा अक्षरं दाराआड लिहून ठेवा.

शहरात काय चाललंय? आणि गोव्यात?

शहरांसाठी केंद्राचा "नक्शा" हा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला, पहिल्या फेरीत २६ राज्यांतली १५२ शहरं. महाराष्ट्रातली काही त्यात आहेत. सिटी सर्व्हे जुना झालेल्या, वाढून दुप्पट झालेल्या गावांना याची फार गरज होती. गोव्यात कागदाचं नाव वेगळं, तिथे ७/१२ ऐवजी एक-चौदाचा उतारा, आणि कोमुनिदादच्या (गावसंस्थेच्या सामाईक) जमिनींमुळे प्रश्नांचा पोत वेगळा. नकाशाच्या रेघेबद्दल वर लिहिलेलं मात्र तिथेही जसंच्या तसं लागू.

माझ्या मुलीला यात काम करायचंय. कुठून सुरुवात करावी?

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि आपल्याच गावाचा नकाशा करा: विहिरी, शाळा, हातपंप. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन मोफत अभ्यासक्रम घेते. पुण्यात आणि मुंबईत पदव्युत्तर शिक्षण आहे. भूगोल किंवा संगणक, कुठूनही या शाखेत येता येतं. एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकावी: गावांची माहिती नावावरून जोडू नये, शासनाच्या गावसंकेतांकावरून जोडावी. वडगाव आणि पिंपळगाव राज्यात किती आहेत ते मोजून बघा. आणि धाराशिव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर यांची जुनी नावं अजून हजारो फायलींत आहेत.

आमच्या आजोबांना शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचं नाव माहीत आहे. ते कुठल्याच नकाशात नाही. नोंदवता येईल का?

येईल, आणि कृपा करून लवकर नोंदवा. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच केलेला खुला नकाशा आहे. त्यात कुणीही खातं काढून ओढा, वस्ती, पाणंद, देऊळ यांची भर घालू शकतं, आणि मराठी नावासाठी वेगळी जागा आहे. ती नावं स्वतः देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्रानं उलट वाचलं की "ळ" चा "ल" होतो आणि गावाचं नाव गावालाच ओळखू येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नक्कल करू नका, त्याला परवानगी नाही. जे स्वतः पाहिलं, चालून मोजलं, तेच टाका. कुणाच्या शेताचं मालकाचं नाव टाकू नका.

आजोबांना सकाळच्या उन्हात घेऊन निघा. जमत नसेल तर मोटरसायकलवर मागे बसवा. प्रत्येक ठिकाणी थांबा, फोनवर बिंदू घ्या आणि ते जे नाव म्हणतील ते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा, कारण चिंचमळई, धोंडीची पट्टी, खालचा दंड ही नावं ऐकूनच नीट लिहिता येतात. नाव का पडलं, हेही विचारा. माझ्या आजोळी "तळ्याचा माळ" म्हणतात तिथे तळं नाही. मामानं सांगितलं, त्यांच्या लहानपणी होतं. नंतर जुन्या टोपोशीटवर शोधलं तर त्याच जागी लहानसा निळा ठिपका सापडला.